योगवर्गात ओंकाराची जागा कुठे? अमरावती जिल्ह्यातल्या एका गावाचं प्रकरण

गाव आणि वर्ग

हे गाव चांदूर बाजार तालुक्यातलं. नाव देत नाही. गाव लहान आहे, एखादी खूण सांगितली तरी माणूस ओळखू येतो. संत्र्याचे बगीचे, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. मारुतीच्या देवळात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सायंकाळची सामुदायिक प्रार्थना वर्षानुवर्षं चालते. नाल्याच्या अलीकडे बुद्धविहार. दर्ग्याच्या बाजूला मुसलमानांची थोडी घरं. महानुभावांचं तीर्थ रिद्धपूर फार लांब नाही, त्यामुळे महानुभाव पंथाचीही काही कुटुंबं. अमरावती-वर्ध्याकडच्या कितीतरी गावांत थोड्याफार फरकाने हीच वस्ती दिसते, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं.

दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या सभागृहात सकाळी सहाचा योगवर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या ताई तालुक्याच्या गावाहून स्कूटीवर येत. योगशिक्षणाची पदविका झालेली, वय तिशीच्या आत, गावात नात्याचं कोणी नाही. गाव त्यांना 'योगावाल्या मॅडम' म्हणतं, मीही मॅडमच म्हणतो. मी योगशिक्षकांची प्रशिक्षणं घेतो, त्या माझ्या एका तुकडीत होत्या. या प्रकरणात माझा संबंध तेवढ्यापुरता.

वर्गाला तीसेक माणसं यायची, त्यात बाया जास्त. युरियाची रिकामी पोती धुऊन, दोन-दोन जोडून शिवलेली बसकरं काखेत मारून यायच्या. ती शिवून देणारी मुसलमान घरातली, शिंपीकाम करणारी भाभी, तीही वर्गात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं १६०० मीटर पळून घामाघूम होऊन थेट सभागृहात शिरायची. एक निवृत्त गुरुजी, भजन मंडळाचे आधारस्तंभ. विहाराजवळच्या एक आजी. महानुभाव घरातले सत्तरी ओलांडलेले आबाजी. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली एक कॉलेजची मुलगी, तिच्यासोबत तिची आई.

पहिले दोन महिने फक्त शरीराचं काम झालं, आणि ते मॅडमनी फार चांगलं केलं. मिश्र वर्गाची खरी परीक्षा धर्मावर नंतर होते, आधी गुडघ्यांवर होते. वेचणीच्या हंगामात बाई कमरेला कापसाची ओटी बांधून दिवसभर अर्धवट वाकलेली असते, निंदणाला उकिडवी बसते. शहरी वर्गात ज्या बसण्याचं कौतुक होतं ते तिला जन्मापासून येतं, पण पाठ मागे नेणं तिला जमत नाही, कारण आयुष्यात तिने ती मागे नेलेलीच नसते. म्हणून मॅडमनी पुढे वाकायची आसनं कमी केली आणि भुजंगासन, मार्जरासन, सेतुबंधासन वाढवलं. वज्रासनात घोट्याखाली घडी घातलेली गोधडी. गुडघे गेलेल्यांना सभागृहातल्या लोखंडी खुर्च्या. रक्तदाबाची गोळी सुरू असलेल्यांना कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखणं बंद. 'अंग बाहेर येतं', म्हणजे गर्भाशय खाली सरकतं, ही तक्रार बाया गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या, आशाताईंच्या कानात सांगतात, वर्गात कधीच नाही. मॅडमनी ती आशाताईंकडून आधीच काढून घेतली आणि त्या बायांना पोटावर झटके देणारं काहीही करू दिलं नाही. सिकलसेलच्या मुलीला तर वेगळाच नियम होता. रोग पूर्ण असलेल्यांमध्ये (नुसत्या वाहकांमध्ये नव्हे) शरीरातलं पाणी कमी होणं, गारठा, अति श्रम आणि ऑक्सिजन कमी पडणं यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. त्यामुळे तिला कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, नाही, पोरांबरोबर जलद सूर्यनमस्कार नाही, डिसेंबरात अंगावर स्वेटर आणि शेजारी पाण्याची बाटली. विदर्भात वर्ग घेणाऱ्याने सिकलसेलबद्दल पहिल्याच आठवड्यात विचारावं. पदविकेच्या पुस्तकात हे सापडत नाही.

सूर्यनमस्कार पोरांच्या रांगेत आकड्यांवर व्हायचे, एक ते बारा. व्यायाम म्हणून ते महाराष्ट्रभर पोचवायला औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी किती खटपट केली, हेही मॅडमनी पोरांना सांगितलं. कोणाचीच कुरकुर नव्हती.

गळती

संक्रांतीच्या सुमारास मॅडमनी वर्गाच्या शेवटी 'आध्यात्मिक भाग' जोडला. पुढच्या टेबलावर योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींची तसबीर, समोर समई, उदबत्ती. शवासनानंतर उठून बसायचं, हात जोडायचे, तीन वेळा ओंकार, मग पाच मिनिटं ध्यान. पदविकेत त्यांना हाच क्रम शिकवला होता. राज्यातल्या बऱ्याच वर्गांत तो असाच चालतो.

पंधरवड्यात विहाराकडच्या बाया यायच्या थांबल्या. आबाजी यायचे, पण ओंकाराच्या वेळी डोळे उघडे ठेवून भिंतीवरच्या ग्रामपंचायतीच्या फलकाकडे बघत बसायचे. भाभीचं मी स्वतः पाहिलं. समई लागली की ती बसकर गुंडाळायला घ्यायची. आधी चार कोपरे जुळवायची, मग तळहाताने सुरकुत्या काढायची, मग गुंडाळी, मग सुतळी, मग सुतळीची गाठ सोडून पुन्हा नव्याने बांधायची. तीन ओंकार संपेपर्यंत हे चालायचं. उठून जाणं म्हणजे मॅडमचा अपमान आणि बसून राहणं म्हणजे सामील होणं. तिने दोन्ही टाळलं होतं.

तक्रार मात्र कोणीच केली नाही. गावात अशा गोष्टीची तक्रार होत नसते. विचारलं की उत्तर ठरलेलं: "वेचनीले जा लागते जी", "लेकराची शाळा हाय", "पाहुने आले होते." उपस्थितीच्या वहीत कारणं पाहिली तर वाटावं, गावात एकाएकी फार कामं निघाली. खरं कारण आशाताईंनी सांगितलं, तेही मॅडमनी दोनदा खोदून विचारल्यावर.

याच आठवड्यांत गुरुजी दुसऱ्या टोकाने आले. त्यांना हा नवा भाग इतका आवडला की वर्गाची सुरुवातही प्रार्थनेने व्हावी, गुरुवारी आरती व्हावी, भजन मंडळाची पेटी ते स्वतः आणतील, असा प्रस्ताव त्यांनी सरपंचांपुढे ठेवला. सरपंच हो म्हणून मोकळे झाले. त्यांचं तरी काय जात होतं!

मॅडमचा फोन आला तो या वेळी. त्यांचा प्रश्न असा होता: "सर, अध्यात्म काढूनच टाकू का?"

समोरचे रस्ते

काढून टाकणं सोपं होतं आणि त्याला आधारही होता. २०१५ च्या पहिल्या योगदिनाच्या सामायिक कार्यक्रमात सूर्यनमस्कार नव्हते, आणि २०१६ च्या योगदिनाआधी ओम म्हणण्याची सक्ती नाही असं आयुष मंत्रालयाला स्पष्ट करावं लागलं होतं. म्हणजे सरकारी पातळीवरही हा प्रश्न नवा नाही. पण मॅडमचं म्हणणं मला पटलं: नुसती आसनं घ्यायची तर मी पीटीचा तास घेतला असता. शिवाय वर्गात लोक मागत काय होते? पाठदुखी दोन महिन्यांत बरीच हलकी झाल्यावर बाया सांगायला लागल्या त्या वेगळ्याच गोष्टी. रात्री झोप लागत नाही. सोसायटीचं कर्ज डोक्यात फिरत राहतं. पोरगा तिसऱ्यांदा भरतीत राहिला तर काय करेल याची धास्ती. याला भुजंगासन पुरत नाही. पतंजलींच्या सूत्रांमध्ये आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत. बाकी जवळजवळ सगळा ग्रंथ चित्ताबद्दल आहे. ते सगळं बाजूला ठेवून योग शिकवला असं म्हणणं मला तरी प्रामाणिक वाटत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे आहे तसं चालू ठेवणं. माझ्या एका सहकाऱ्याचं मत हेच होतं. ओम हा विश्वाचा नाद आहे, कोणत्या धर्माचा नाही, लोकांना समजावून सांगा. मला हे कधीच पटलेलं नाही. एखादी गोष्ट सगळ्यांची आहे की नाही, हे ज्याच्या घरात ती आधीपासून आहे त्याने ठरवून चालत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातल्या पहिल्या काही ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना न मानण्याच्या, त्यांची उपासना न करण्याच्या आहेत. ज्या आजीने त्या तोंडपाठ म्हणून आयुष्य काढलं, तिला समईपुढे हात जोडायला लावून 'हे धार्मिक नाही' असं सांगणं म्हणजे तिला काही कळत नाही असं गृहीत धरणं.

तिसरा रस्ता सरपंचांनी सुचवला: वस्तीवार वेगळे वर्ग. विहारात एक, देवळात एक. यावर मॅडमनी एकच प्रश्न विचारला, भाभीसाठी तिसरा कुठे घेऊ? विषय तिथेच संपला.

घरोघर

मग मॅडम घरी गेल्या. सभा घेतली नाही, आणि ते बरं केलं. सभेत माणसं वस्तीचं बोलतात, स्वतःचं नाही. प्रत्येक घरी विचारणं एकच: वर्गात काय चालेल, काय चालणार नाही?

आजी म्हणाल्या, "बाई, डोये मिटून बसनं आमाले नवं नाई. मी धा दिवसाचं शिबिर केलं हाय, आनापान करतो आमी, श्वासाकडं लक्ष देतो. पन दिव्यापुढं हात जोडाले लावले तं मंग आमच्या प्रतिज्ञेचं काय?"

आबाजींचं कारण वेगळंच निघालं. सगळे हिंदू म्हणून ज्यांना एका खणात टाकतात, त्यांच्यातही केवढं अंतर असतं ते इथे दिसलं. महानुभावांना परमेश्वराची अनन्य भक्ती सांगितलेली आहे, इतर देवतांची पूजा त्यांना चालत नाही. "पतंजली कोन व्हय मले माईत नाई. चांगलाच मानूस असंल. पन त्याच्या फोटोले उदबत्ती लावली म्हंजे तुमी त्याले देवता केला. आता मी काय करू?" आबाजींनी हे रागाने सांगितलं नाही. चहा पाजला, निघताना दंडवत प्रणाम केला.

भाभी मशीनवरून उठली नाही, शिवता शिवता बोलली. "घरी इचारतात, तिथं काय म्हनता? मी सांगते, काईच म्हनत नाई, कसरत करतो. ते खरं असलं पायजे ना मॅडम."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात नेमकं वाक्य हे आहे. भाभीची हरकत ओंकाराला जितकी होती, त्याहून जास्त तिला न विचारता तो वर्गात आला याला होती. ती घरी जे सांगून आली होती ते मॅडमनी मध्येच बदललं होतं. मिश्र वर्गात अध्यात्म आणणाऱ्या शिक्षकाने हे ध्यानात धरावं: माणूस घरातून काहीतरी सांगून बाहेर पडलेला असतो.

चौथं घर गुरुजींचं. इथे वेळ लागला. वर्ग सोडून गेलेल्यांशी बोलणं सोपं असतं, कारण त्यांचं म्हणणं स्पष्ट असतं. ज्याला वर्ग आपलाच वाटतो त्याच्याशी बोलणं कठीण. गुरुजी दुखावले. "मॅडम, मी काय भेदभाव सांगून राहिलो का? राष्ट्रसंतांची प्रार्थना सर्व धर्मांचीच हाय. साऱ्या गावाने म्हनावी म्हनूनच तं तुकडोजी महाराजांनी गावोगाव सुरू केली." यात खोटं काहीच नव्हतं, आणि मॅडमनी ते मान्यही केलं. मग म्हणाल्या, "गुरुजी, ती प्रार्थना रोज सांजच्याला देवळात होते. ज्याला यायचं तो येतो, कोणी वही घेऊन हजेरी मांडत नाही. माझ्या वर्गात हजेरी आहे. तुम्ही ज्याला बोलावता आणि मी ज्याला बसवते, त्यात फरक पडतो की नाही?" गुरुजी पंचवीस-तीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेले. मुद्दा पोचला. पटला असं म्हणणार नाही.

नवी मांडणी

वर्ग तीन भागांत तोडला. पहिला अर्ध्या तासाहून थोडा जास्त, आसनं. दुसरा पंधरा मिनिटं, श्वास: अनुलोम-विलोम, भ्रामरी आणि शेवटी काहीही न करता श्वासाकडे नुसतं लक्ष. मग शवासन, आणि मॅडम मोठ्याने सांगत, "वर्ग संपला." हे दोन शब्द महत्त्वाचे. तिसरा भाग त्यानंतरचा: ज्याला बसायचं असेल तो बसेल. तसबीर, समई आणि ओंकार रोजच्या वर्गातून उचलून गुरुवारच्या वेगळ्या बैठकीत नेले, वर्ग संपल्यानंतर.

आता खोच अशी की उठून जाणाऱ्याकडे सगळे बघतात. 'मर्जी असेल तो थांबेल' हे कागदावर छान दिसतं, गावात नाही. इथे वेचणी मदतीला आली. मजुरीच्या बाया तशाही याच वेळी उठून पळायच्या, डबा बांधायचा असायचा, वावर गाठायचं असायचं. त्यांच्या घोळक्यात ज्याला निघायचं तो निघायचा आणि का निघाला हे कोणाला कळायचं नाही. मॅडमनी वर्गाचा शेवट मुद्दाम त्या वेळेवर आणून ठेवला. हजेरीची सही सुरुवातीला घ्यायची, शेवटी नाही, हाही तसाच बारीक पण कामाचा बदल.

भ्रामरीवरून एक चकमक झाली. पहिल्याच दिवशी सभागृह भुंग्यांच्या आवाजाने भरलं आणि गुरुजी खुशीत म्हणाले, "हाच तं ओंकार! नाव बदलून घेतला मॅडमनी." भाभीने मान वर केली. मॅडमनी लगेच सांगितलं की नाही, भ्रामरी ही वेगळी क्रिया आहे, हठयोगप्रदीपिकेतल्या आठ कुंभकांत तिचं नाव आहे, ओंकार घ्यायचा असेल तेव्हा मी ओंकार म्हणूनच घेईन, गुरुवारी. ही फार मोलाची गोष्ट झाली. बरेच शिक्षक नेमकं उलटं करतात. धार्मिक वाटणारं काही असलं की त्याला 'कंपन', 'ऊर्जा' अशी नावं देऊन मागच्या दाराने आत आणतात. लोकांना ते उशिरा का होईना कळतं, आणि मग आसनांवरचाही विश्वास जातो.

श्वासाकडे लक्ष देण्याला कोणाचीच हरकत नव्हती. मॅडमनी त्याचं मूळही सांगितलं. योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त स्थिर करायचे बरेच उपाय एकामागून एक दिलेत आणि त्यातल्या बहुतेकांना पतंजलींनी 'वा' जोडला आहे: श्वासाने वा, अमुकाने वा. शेवटी 'यथाभिमतध्यानाद्वा', म्हणजे ज्याला जे रुचेल त्याच्या ध्यानाने. ईश्वरप्रणिधानालासुद्धा तिथे 'वा' आहे. आबाजींना हे इतकं आवडलं की त्यांनी दोनदा विचारून घेतलं. "म्हंजे पतंजलीनंच सूट देली!" त्यानंतर ते शवासन झाल्यावर भिंतीला टेकून आपलं नामस्मरण मनात करू लागले.

पाच यम आणि दारू

आध्यात्मिक बाजू म्हटली की लोक थेट ध्यानावर उडी मारतात. मॅडमना मी आग्रह केला की यमांपासून, म्हणजे वागण्याच्या पाच नियमांपासून सुरू करा, आणि तेही प्रवचनाने नाही, आसनातून. अहिंसा म्हणजे स्वतःच्या गुडघ्यावर जबरदस्ती न करणं. सत्य म्हणजे शेजारणीचा हात जमिनीला टेकला म्हणून आपलाही टेकला असं न दाखवणं. बाया हसायच्या, पण पकडायच्या.

एका गुरुवारी त्यांनी पाचही यम सांगितले: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. आजी बोटं मोजत होत्या. "यातले चार तं आमच्या पंचशीलात हाय," त्या म्हणाल्या. बरोबरच होतं. जीवहिंसा नको, चोरी नको, खोटं नको. ब्रह्मचर्याच्या जागी पंचशीलात कामवासनेतला मिथ्याचार नको असं आहे. फरक पाचव्यात. "तुमचा पाचवा साठवू नका म्हन्ते. आमचा पाचवा दारू पिऊ नका म्हन्ते. मॅडम, साठवाले हाय काय आमच्यापाशी? या गावाले आमचा पाचवा पायजे."

सभागृहात एकदम गलका झाला. मागच्या रांगेतल्या कुणबी, माळी घरातल्या बाया, ज्या कधी तोंड उघडत नसत, त्या आजींच्या बाजूने बोलायला लागल्या. पोलीस भरतीची दोन पोरं खाली मान घालून चटईच्या काड्या ओढत होती, त्यांचे बाप त्यांनाही माहीत होते आणि सगळ्यांनाही. गुरुजींनीच मग सांगितलं की तुकडोजी महाराजांनी, गाडगेबाबांनी आयुष्यभर दारूविरुद्ध हेच सांगितलं. अर्धा तास बैठक दारूवर चालली. मॅडम गप्प होत्या, आणि त्यांनी गप्प राहावं हेच योग्य होतं. यातून गावातली दारू बंद झाली वगैरे काही नाही. पण त्या दिवसानंतर विहाराकडच्या बहुतेक बाया वर्गात परतल्या. त्या सूत्र ऐकायला नाही परतल्या. आपलं कोणीतरी तिथे बोललं आणि ते ऐकलं गेलं, म्हणून परतल्या.

पुढच्या एका गुरुवारी मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा यांचं सूत्र आलं. आजी म्हणाल्या हे तर आमच्या विहारात म्हणतात. गुरुजी म्हणाले, नाही, हे पतंजलींचं. मॅडमनी सरळ सांगितलं: बौद्ध परंपरेत हे चार ब्रह्मविहार योगसूत्रांच्या आधीपासून आहेत, योगसूत्रं बुद्धांनंतर काही शतकांनी रचली गेली असं अभ्यासक मानतात. गुरुजींना ते रुचलं नाही, चेहऱ्यावर दिसलं. पण पुढच्या वेळी त्यांनी स्वतः विनोबांच्या गीताईतला सहावा अध्याय वाचायला आणला आणि त्या जोडीला आजींना मेत्तेचं, म्हणजे मैत्रीभावनेचं, काहीतरी म्हणा म्हणाले. परंपरा कोणाची किती जुनी यावर वाद घालण्यात मला रस नाही, पण शिक्षकाला इतिहास माहीत असला पाहिजे. नाहीतर जो मोठ्याने बोलतो त्याचा इतिहास वर्गाचा होऊन बसतो.

एक गोष्ट मात्र मी मॅडमना करू दिली नाही. अल्बेरूनी या मुस्लिम विद्वानाने अकराव्या शतकात पतंजलींचं अरबीत भाषांतर केलं होतं, हे त्यांना भाभीला सांगायचं होतं. माहिती खरी आहे आणि वर्गात सगळ्यांना सांगण्यासारखी आहे. पण एकट्या भाभीला बाजूला घेऊन ती सांगणं म्हणजे तिला पटवणं, आणि तिने काही पटवून मागितलं नव्हतं. तीच गत 'नमाज म्हणजे योगच की' या व्यासपीठावरून हमखास येणाऱ्या वाक्याची. ते म्हणणाऱ्याला उदार वाटतं. ऐकणाऱ्याला आपली प्रार्थना कोणाच्या तरी दुकानात मांडल्यासारखी वाटते.

सध्या

भाभी श्वासाच्या भागापर्यंत थांबते, बसकर शेवटीच गुंडाळते. गुरुवारी ती येत नाही आणि तिला कोणी विचारत नाही. रमजानमध्ये तिने मॅडमना आधीच सांगितलं होतं. रोजाच्या दिवसांत ती फक्त हलकी ताण देणारी आसनं आणि शवासन करायची, पोट हलवणारं काही नाही. आबाजी नियमित. विहाराकडच्या एक ताई मात्र परत आल्या नाहीत. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. पोरांपैकी दोघं भरतीच्या मैदानी चाचणीला गेले ते गेलेच. सिकलसेलची मुलगी आता मागच्या रांगेला श्वास शिकवते. गुरुजींची पेटी गुरुवारी येते, वर्ग संपल्यावर.

नवा पेच २१ जूनचा आहे. विदर्भात हा दिवस मृगातला, पेरणीच्या तोंडावरचा. पाऊस वेळेवर झाला तर त्या सकाळी सभागृहात कोणी बाई सापडणं कठीण, आणि ग्रामपंचायतीला तर फोटो हवे आहेत. सरपंचांना मंच हवा, पाहुणे हवेत, दीपप्रज्वलन हवं. योगदिनाच्या सरकारी पाठाची सुरुवात ऋग्वेदातल्या 'सं गच्छध्वं' या प्रार्थनेने होते. मॅडमनी ग्रामपंचायतीला लेखी कळवलं आहे: पाठ पूर्ण घेऊ, प्रार्थना कुठून आली ते आणि तिचा अर्थ मराठीत आधी सांगू, ज्याला म्हणायची नसेल तो शांत बसेल. दीपप्रज्वलन करायचं तर ते मंचावर पाहुण्यांनी करावं, वर्गाला हात जोडायला सांगितलं जाणार नाही. वेळ त्यांनी पहाटे साडेपाचची मागितली आहे, म्हणजे पेरणीला निघणाऱ्यांना उशीर होणार नाही. सरपंचांचं म्हणणं आहे, इतक्या पहाटे पाहुणे येणार नाहीत.